वारुळाला पाणी

६ जानेवारी २०००

थोनला यय साक सापडली. बाकी काही लिहिण्याआधी हे लिहून ठेवतो.

थोन माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. जंगलात राळ काढतो आणि राळ नसेल तेव्हा ताडी पितो. लढाईआधी त्याच्या बापाची राळेची झाडं जिथे होती ती शोधत तो आत आत गेला आणि मुळांनी आवळलेल्या एका विटांच्या देवळासमोर जाऊन उभा राहिला. देवळाचं छप्पर पडलंय, पण गाभाऱ्यात ती जशीच्या तशी आहे म्हणतो. यय म्हणजे आजी आणि साक म्हणजे केस. तिच्या दगडी अंबाड्यावरून आमच्या आजोबा-पणजोबांनी ठेवलेलं हे नाव. आमच्या त्राच गावाची राखणदार ती. लढाईत गाव उठलं. परत आलो तोवर देवळाची वाट जंगलाने गिळली होती आणि जंगलात सुरुंग पेरलेले होते. आजी गेली, असंच सगळ्यांनी धरून चाललं होतं.

रोमदुलला, म्हणजे माझ्या बायकोला, थोनने अंगणातूनच सांगितलं. ती मासे साफ करत होती. तशीच खाली बसली आणि रडायला लागली. मग म्हणाली, "इतकी वर्षं उपाशी असेल."

मी मात्र लगेच उठलो आणि शाळेत, विहारात, चहाच्या दुकानात सगळ्यांना सांगून आलो. घरी आल्यावर थोन माझ्याकडे नुसता बघत होता.

११ जानेवारी

आज सगळे जाऊन आलो. थोन पुढे, त्याच्यामागे एकेरी रांग. सुरुंग नसलेल्या वाटेवरच्या झाडांना त्याने राळेचे काळे ठिपके लावलेत. ठिपका सोडून पाऊल टाकायचं नाही. मला घाम फुटला होता आणि म्हाताऱ्या यय किम माझ्यामागून पान चघळत मजेत येत होत्या.

ती लहानशी आहे. शाळेतल्या चौथीच्या मुलीएवढी. नाकाचा टवका उडालाय, बाकी हसू शाबूत. दाराबाहेर दोन-तीन वारुळं आहेत. बायकांनी तिच्या अंगावरचं शेवाळ ओल्या फडक्याने पुसलं, ओठांना पानाचा रंग लावला. रोमदुलने स्वतःच्या गळ्यातला लाल चौकड्यांचा सुती क्रमा सोडून तिच्या खांद्यावर गुंडाळला. मी चांगलं भाषण केलं. आपण सरकारला कळवू, इथे पाटी लागेल, रस्ता येईल, शाळेवर पत्रे पडतील, असं बोललो. सगळे ऐकत होते. थोन मध्येच जाऊन वारुळाला नमस्कार करून आला.

परतताना रोमदुल म्हणाली की इतक्यात कुणाला कळवू नका. इतर गावांतल्या मूर्तींची मुंडकी कशी कापून नेली ते मलाही माहीत आहे. पण म्हणूनच सरकारला लवकर कळायला हवं, हे तिला कोण समजावणार.

२४ जानेवारी

आज मन हलकं आहे. बाजारात रिथ्यासाहेब नावाचे गृहस्थ भेटले. राजधानीहून आलेले, जुन्या देवळांचे संशोधक. इस्त्रीचा पांढरा शर्ट, सोबत जीप आणि ड्रायव्हर. चहाच्या दुकानात मी यय साकबद्दल बोलत होतो, तर ते स्वतः उठून माझ्या टेबलाशी आले आणि मला "गुरुजी" म्हणून हात जोडले.

किती बारकाईने विचारत होते. मूर्ती चौथऱ्याला जोडलेली आहे की सुटी आहे, किती माणसांना उचलेल, जीप कुठवर जाते, वाटेत शिपायांची चौकी आहे का. इतिहासाचं त्यांनी काहीच विचारलं नाही, कारण तो त्यांना येतच असणार. मी थोनच्या काळ्या ठिपक्यांबद्दलही सांगितलं, म्हणजे शास्त्रज्ञ मंडळी सुरुंगावर पाय देणार नाहीत. पाटीवर "शोधक" म्हणून माझं नाव घालता येईल, असं ते म्हणाले. मी म्हटलं, थोनचंही घाला. ते हसले.

पुढच्या आठवड्यात-दोन आठवड्यांत येणार आहेत.

२५ जानेवारी

रोमदुलला सगळं सांगितलं. ती भात वाढत होती. पळी हातातच राहिली. मग तिने एकच विचारलं, "ठिपक्यांचं पण सांगितलंत?"

सांगितलं म्हटल्यावर ती काही बोलली नाही. मला तिचं हे गप्प राहणं सहन होत नाही. आंगकारच्या, म्हणजे त्या बंदूकवाल्या संघटनेच्या, राज्यात अक्षर येणाऱ्याला जगू देत नसत. तेव्हा हिनेच सगळ्यांना सांगितलं की माझा नवरा जन्माचा मुका आणि अर्धवट आहे. ते राज्य संपेपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. ती मात्र माझ्या वाटचंही बोलायची. आता उलटं झालंय. तेव्हाचं तुंबलेलं माझ्या तोंडातून अजून वाहतंय, असं ती बायकांना सांगते आणि बायका हसतात.

आज हसायला कोणी नव्हतं. जेवण झाल्यावर ती यय किमकडे निघून गेली.

२ फेब्रुवारी

बायकांनी माझी झोळी फाडून आणली. नवी, नायलॉनची, दुपारी शाळेत दोन खांबांना बांधून ज्यात पाठ टेकतो ती. काल बायका जंगलात अळंबी आणायला गेल्या, तिथे म्हणे यय किमची कंबर धरली. म्हणून त्यांना झोळीत घालून, बांबूला लटकवून आणावं लागलं. आता यय किम म्हणजे मूठभर हाडं. त्यांच्या वजनाने नायलॉनची वीण उसवते कशी? आणि अळंबी तर एकही दिसली नाही.

वर आज सकाळी त्याच यय किम विहिरीवर भांडताना दिसल्या, कंबरेवर हात ठेवून, ताठ. मी विचारलं तर म्हणाल्या, "आजीला उचललं की आजी बरी होते, गुरुजी." सगळ्या बायका तोंडावर हात धरून हसल्या. रोमदुलच्या खांद्याला बांबूचा वळ उठलाय. तिला माझ्या झोळीचं काहीच वाटत नाही.

७ फेब्रुवारी

यय साक गेली.

रिथ्यासाहेब आले होते. थोनने वाट दाखवायला साफ नकार दिला, तेव्हा ठिपके बघत मीच पुढे झालो. देवळाशी पोचल्यावर ड्रायव्हरने आत जाण्याआधी दारालगतच्या वारुळापाशी दोन सिगारेटी पेटवून खोचल्या आणि हात जोडले. वारुळात राखणदार राहतो हे शहरातला माणूसही विसरलेला नाही, याचं मला बरं वाटलं. मग आत गेलो तर गाभारा रिकामा. चौथऱ्यावर नुसता गोल ठसा आणि सुकलेली पानं.

मला पुढचं धड आठवत नाही. बाहेर येऊन त्याच वारुळाला टेकून बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. इतकी वर्षं जंगलात कोणी हात लावला नाही, आणि सापडून जेमतेम महिना झाला तोच गेली.

रिथ्यासाहेब तर माझ्याहून चिडले. त्यांनी चौथऱ्याला लाथ मारली. परक्या गावातल्या वारशासाठी एवढी कळकळ मी कुठे पाहिली नाही. वाट कोणाकोणाला माहीत आहे असं त्यांनी परत परत विचारलं. थोन नेमका आजच यायला नाही म्हणाला, तो पितो, आणि परवा त्याच्या अंगात नवा शर्ट होता. मी हे सगळं सांगितलं. माझ्या मनात आलं ते सांगितलं.

घरी आलो तर शर्टाच्या पाठीला ओली माती. इतक्या कोरड्या दिवसांत जंगलात ओली माती कुठून आली, असं मी म्हणालो, तर रोमदुलने शर्ट अंगावरून ओढूनच घेतला आणि लगेच धुवायला टाकला. आजी गेल्याचं ऐकून तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. जेवायच्या आधी नेहमीसारखा पहिला घास पानावर काढून ठेवला. मी संतापून म्हटलं, आता कोणाला वाढतेस? ती म्हणाली, "असेल तिथे भूक लागेलच की."

९ फेब्रुवारी

रिथ्यासाहेबांनी थोनला चौकशीसाठी जीपमधून नेलं. तो शांतपणे बसला. जाताना मला म्हणाला, "दाजी, राळेचे डबे झाडाखालून काढून ठेवा." बाकी काही नाही.

चोर नसेल तर सोडून देतील. मी काही खोटं सांगितलेलं नाही. हे तीनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

१३ फेब्रुवारी

थोन आलेला नाही. रोमदुल माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते आणि पाठ करून बसते. काल डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन जंगलाच्या वाटेला लागलेली दिसली. तिकडे पाणी घालायला ना शेत ना मळा. भावासाठी काही नवस असावा. आज यय किम हंडा घेऊन गेल्या.

शाळेत पाढे चुकलो. मुलं हसली नाहीत. मुलांनाही काहीतरी कळलंय असं वाटतं.

१५ फेब्रुवारी

तालुक्याला जाऊन आलो. कचेरीत विचारलं की राजधानीहून आलेले संशोधक रिथ्यासाहेब चौकशीचा माणूस कुठे ठेवतात. कारकुनाने मला दोनदा नाव विचारलं. मग आतल्या साहेबाला विचारून आला. असा कोणी माणूस आलेला नाही, येणार नाही, आणि असली चौकशी कोणी करत नाही. पांढरी जीप म्हटल्यावर मात्र त्याने दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाला की गुरुजी, ते मूर्ती विकणारे लोक. त्यांना कोणी वाट दाखवली?

बाहेर येऊन पायरीवर बसलो.

थोनला मी दिलं. माझ्या तोंडाने दिलं. मूर्ती त्यांच्याआधी दुसऱ्या कोणी नेली आणि ते थोनला विचारत असणार, आणि त्याला माहीतच नाही तर तो सांगणार काय? माहीत नाही म्हणणाऱ्या माणसाला ते कधी सोडतील?

संध्याकाळी रोमदुलसमोर हात जोडून सगळं सांगितलं. तिला हे पहिल्यापासून ठाऊक होतं, असं तिचा चेहरा म्हणत होता. पोलिसांत जातो, प्रांताच्या साहेबाकडे जातो, जो भेटेल त्याला सांगतो, असं मी म्हणालो. त्यावर ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"नको. आणखी कोणाला काही सांगू नका. पाया पडते."

१९ फेब्रुवारी

थोन आला. लाकडाच्या ट्रकवाल्याला रस्त्याकडेला पडलेला दिसला, त्याने आणून सोडला. उजव्या हाताची दोन बोटं मोडलीत, पुढचे दात नाहीत, एक डोळा मिटलेला. जिवंत आहे. जिवंत आहे हे मी मघापासून मनातल्या मनात म्हणतोय.

रोमदुलने त्याला पेज भरवली. मग कानाशी लागून काहीतरी विचारलं. त्याने मान हलवली, नाही म्हणून. आणि ती हसली. भाऊ असा पडलेला असताना ही बाई हसली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही गळत होतं. मला तिची भीती वाटली.

मी त्याच्या पायाशी बसून माफी मागितली. तो छताकडे बघत राहिला. त्याने मला एक शिवी दिली असती तर मला रात्री झोप लागली असती.

४ मार्च

थोन हिंडू-फिरू लागलाय, पण मी आलो की उठून जातो. राळेची कुऱ्हाड त्याला धरता येत नाही. त्याची झाडं बायकाच बघतात.

आज एकटाच ठिपके बघत देवळाशी गेलो. आजीची जागा तरी आहे, तिथे डोकं टेकावं म्हणून. रिकाम्या गाभाऱ्यात उभं राहवेना. बाहेर येऊन त्या दिवशी टेकलो होतो त्या वारुळापाशी बसलो. तिथे ताज्या उदबत्त्या होत्या, पानावर भाताचा घास होता. मुंग्या लागल्या होत्या. वारुळाचा पायथा ओला होता आणि जवळच आमच्या घरचा हंडा पालथा घातलेला.

ऊन फार आहे. वारुळाला माझ्या खांद्याच्या उंचीवर एक भेग पडली होती. भेगेतून सूत बाहेर आलं होतं. लाल चौकड्यांचं.

हंड्याच्या तळाशी थोडं पाणी होतं. मी माती कालवली आणि भेग बुजवली, हाताने सारखी केली. वर वाळवीची एक रांग आधीच कामाला लागलेली होती.

पुढचं इथे लिहीत नाही.

परतीच्या वाटेवर यय किम हंडा घेऊन येताना भेटल्या. माझे मातीचे हात बघून थबकल्या. देवळात काय केलंत, असं विचारलं. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. मी म्हटलं, काही नाही, वटवाघळं फार झालीत.

१२ मार्च

रोमदुलला सांगितलेलं नाही. रोज सांगावंसं वाटतं. तिचा खांदा, झोळी, शर्टाची माती, थोनची हललेली मान, सगळं आता डोळ्यांपुढे येतं. थोन राळ काढणारा माणूस, जंगलात एक नवं वारूळ उठलं तर त्याला कळणार नाही होय. त्याला कळलं होतं. कळून तो जीपमध्ये बसला.

सकाळी तिच्याआधी उठून हंडा भरून दारात ठेवला. तिने हंडा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि डोक्यावर घेऊन निघाली.

५ एप्रिल

राजधानीहून माणसं आली. या वेळी खरीच असावीत. तालुक्याचा तोच कारकून सोबत होता. मालिसबाई म्हणून एक अधिकारी, केस पिकू लागलेल्या, पायात धुळकट बूट, आणि सुरुंग काढणारी दोन माणसं. त्यांनी आधी सगळ्या म्हाताऱ्यांना बसवून विचारलं की आजीच्या गोष्टी कोणाला आठवतात. वजनाचं विचारलं नाही. मला त्या आवडल्या. रिथ्याही मला आवडला होता, म्हणून मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहिलो.

दुपारी सगळं गाव देवळाशी. मालिसबाई रिकामा चौथरा बघून कितीतरी वेळ उकिडव्या बसून राहिल्या. मूर्ती परत मिळाली तर प्रांताच्या संग्रहालयात सुरक्षित राहील, काचेमागे, असं म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. यय किम पान चघळायच्या थांबल्या. मग बाई बाहेर आल्या आणि त्या वारुळासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. मी गुरुजी, बोलणारा मीच.

"हे काय आहे, गुरुजी?"

रोमदुल समोरच्या झाडाशी होती. तिच्या ओठांचा रंग उडाला होता. तिला वाटत होतं, मला माहीत नाही, आणि माहीत नसलेला माझ्यासारखा माणूस काय काय बडबडेल याचा नेम नाही. बायका सगळ्या जमिनीकडे बघत होत्या. थोन मोडकी बोटं दुसऱ्या हातात धरून उभा होता.

मी म्हटलं, "वारूळ आहे, बाई. गावात याला कोणी हात लावत नाही."

"जिवंत आहे?"

"आहे तर. बायका रोज पाणी घालतात."

बोललो आणि जीभ चावली. वारुळाला पाणी कोण घालतं? पुढे काहीतरी बोलून सावरावं असं वाटलं, दहा वाक्यं तोंडात तयार होती. नवसाचं सांगावं, उन्हाचं सांगावं. मी तोंड मिटलं. आंगकारची माणसं समोर उभी राहून प्रश्न विचारायची तेव्हा मिटायचो तसं, दात दातांवर ठेवून.

मालिसबाईंनी वारुळाचा ओला पायथा बघितला. माझ्या बोटांनी बुजवलेली भेग बघितली. वाळवीच्या रांगेवरून एक बोट हलकेच फिरवलं. मग हात जोडले, थोडा जास्तच वेळ.

"उन्हाळ्यात घालावंच लागतं," त्या म्हणाल्या. सुरुंगवाल्यांना त्यांनी सांगितलं की हद्दीची दोरी वारुळाच्या बाहेरून घ्या, याच्या आसपास खणायचं नाही.

त्यांना कळलं की नाही, मला ठाऊक नाही. विचारणार नाही.

गाडी गेल्यावर बायका एकदम बोलायला लागल्या. रोमदुल माझ्याजवळ आली. माझ्या तळहाताकडे बघत होती. परवा पुन्हा भेग बुजवली त्या मातीचा तांबडा रंग त्याच्या रेघांत अजून आहे, धुऊन जात नाही. "कधीपासून?" तिने विचारलं. मी खांदे उडवले. ती माझा हात तसाच धरून उभी राहिली, सगळ्यांदेखत, जे तिने लग्नातही केलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर थोन पुढे होता. एका काळ्या ठिपक्यापाशी तो थांबला, मी जवळ येईपर्यंत. खिशातून तंबाखू आणि सुकलेलं पान काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"दाजी," तो म्हणाला, "तुम्ही मुके होतात तेव्हाच बरे होतात." आणि थोड्या वेळाने, "वळून द्या. माझी बोटं वळत नाहीत."

मला विडी वळता येत नाही, कधीच आली नाही. निम्मी तंबाखू खाली सांडली. तो वाट बघत उभा राहिला आणि झाली तशी विडी त्याने पेटवली.